मॅट्यूची तांबडी

निक्लास पावर दारात उभा राहिला की चौकट भरून जायची, पण तो घरात आहे हे कळायला मात्र बघावंच लागायचं, इतका तो कमी बोलायचा. वय एकोणसाठ. त्यातली तेवीस वर्षं डंगारवनच्या खाडीत कालवांच्या मागे गेली. ओहोटी लागली की ट्रॅक्टरमागून चिखलात उतरायचं, लोखंडी घोड्यांवर बांधलेल्या जाळीच्या पिशव्या एकेक करून उलटायच्या, झटकायच्या, परत बांधायच्या. भरती अंगावर आली की पळायचं. पाठीचे दोन मणके घासले तेव्हा मालकानं हात मिळवला आणि त्याला घरी बसवलं. घर म्हणजे रिंग गावाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड केलेलं, बापानं बांधलेलं. घरात आई. ईदा पावर, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, काडीसारखी आणि काडीसारखीच पेट घेणारी.

त्या भागात पावर आडनावाची माणसं पोत्यानं आहेत. म्हणून ओळख पटावी यासाठी कुणी लंगडे पावर, कुणी पुलावरचे पावर. हे तांबडे पावर. केसांवरून. निक्लासचे आता पांढरे झाले होते, तरी नाव राहिलं.

रिंगच्या बोलीत लाल निराळा आणि तांबडा निराळा. रक्त लाल, कार्डिनलचा, म्हणजे बड्या धर्मगुरूचा, झगा लाल, धक्क्यावरचा धोक्याचा दिवा लाल. माणसाचे केस तांबडे, गाय तांबडी, आणि कोल्ह्याला तर तिथे सरळ तांबडा कुत्राच म्हणतात. या दोन शब्दांत कुणी घोटाळा केला की समजायचं, पोरगं डब्लिनात वाढलंय.

मॅट्यू पावरची बिअर तांबडी होती. निक्लासचा बाप शहरातल्या एका जुन्या कोठारात जवाला मोड आणून वाळवायच्या कामावर होता, ते कोठार बंद पडेपर्यंत. घरी येताना कोटाच्या खिशात भाजलेलं जव घेऊन यायचा. वर्षातून दोनदा गोठ्यामागच्या खोलीत बिअर घालायचा. ती प्यायला सगळं गाव यायचं, पण आधी बघायचं. ईदा पहिला ग्लास स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेडासमोर धरायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "तांबडी." मग बाकीचे ग्लास भरले जायचे. मॅट्यू गेला तेव्हा निक्लास तिशीत होता. कृती कुठे लिहिलेली नव्हती. बापाच्या मुठीत होती, ती बापाबरोबर गेली.

आणि मुठीतच सगळं असतं. साधं मोडाचं जव चौदा हिस्से घ्या, त्यात जरासं काकवीच्या वासाचं, खरपूस वाळवलेलं घाला, आणि शेवटी काळं भाजलेलं जव, अगदी मूठभर. रंग सगळा त्या मुठीचा. मूठ आखडली तर बिअर नुसती पितळी होते. सैल पडली तर चहा. आणखी सैल पडली तर दलदलीतलं पाणी. आणि यातली खरी गोम अशी की फिकी बिअर गडद करता येते. काळं जव रात्रभर गार पाण्यात भिजवून त्याचं पाणी चमच्याचमच्यानं घातलं की झालं. पण गडद झालेली परत उजळ करायची सोय नाही. रंग एकाच बाजूला जातो.

तीन वर्षांपूर्वी निक्लासनं आईला बार्ब्राचं सांगितलं. बार्ब्रा कालवं निवडायच्या शेडमध्ये त्याच्या शेजारी उभी राहायची. विधवा, खणखणीत हसणारी. पुढे ती नदीपलीकडे यॉलला वारलेल्या बापाच्या घरी राहायला गेली आणि तिथून एका रविवारी फोनवर म्हणाली, "निक्लास, इथे दोन माणसांचं घर आहे आणि मी एकटी आहे. मी आणखी किती सोपं करून सांगू?"

त्यानं हे आईला सांगितलं तेव्हा शेजारचा टायग तिथेच चहा पीत बसला होता. टायग त्र्याऐंशीचा, मॅट्यूबरोबर कोठारात काम केलेला. ईदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय? मी जाईन डंगारवनच्या म्हाताऱ्यांच्या घरात. फक्त एक कर. तुझ्या बापाची तांबडी मला एकदा या खिडकीत दाखव. त्या दिवशी मी पिशवी भरते. टायग, तू साक्षीदार."

"मी साक्षीदार," टायग म्हणाला. "आणि पहिला ग्लास माझा."

ईदानं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे रिंगमध्ये पोरांनाही ठाऊक होतं. निक्लासला वाटलं, दोन महिन्यांचं काम आहे.

तीन वर्षं झाली. चौदा खेपा झाल्या. दर खेपेला रविवारी चर्चहून आल्यावर ईदा खिडकीसमोर उभी राहायची, ग्लास धरायची, एक डोळा मिटायची. "काळी." "फिकी." "लालकडे गेली, कार्डिनलनं पाय धुतल्यासारखी." एकदा तर नुसतीच "हं" म्हणाली आणि ग्लास खाली ठेवला, तो नकार सगळ्यात जास्त लागला. निक्लास वहीत काळ्या जवाचे ग्रॅम लिहायचा. शंभर. नव्वद. एकशे दहा. जवाच्या दुकानदाराला वाटायचं, हा माणूस स्फोटकं करतो की काय. मग त्यानं दुकानचं भाजलेलं घेणं सोडलं आणि घरच्या भट्टीत, तव्यावर, कोळशाच्या धगीवर स्वतः भाजायला लागला. घरात तो वास कायमचा राहिला. उशीतसुद्धा.

बाहेर जायचं म्हटलं तर आई म्हणायची, "जा, जा. मी पडले तर टायग ऐकेल. त्याला एका कानानं थोडं ऐकू येतं." मग तो जायचा नाही. तो फोन करायचा. बार्ब्रा ऐकून घ्यायची. ख्रिसमसनंतर मात्र तिनं ऐकून घेणं थांबवलं.

"माझा मुलगा टोरांटोला बोलावतोय," ती म्हणाली. "खोली तयार आहे, नातू तयार आहे. मी राखेच्या बुधवारपर्यंत थांबते. त्याच्या आत ये, नाहीतर येऊच नकोस."

राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपास लागतो. त्या चाळीस दिवसांत ईदा थेंबाला तोंड लावत नसे. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही लावलं नव्हतं, कारण तो उपासात मेला होता. म्हणजे बुधवारच्या आधीचा रविवार हा शेवटचा. त्या रविवारी खिडकीत रंग दिसला तर दिसला. नाहीतर ईस्टरपर्यंत ग्लासच उचलला जाणार नव्हता, आणि तोवर बार्ब्रा समुद्रापलीकडे.

निक्लासनं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरावी खेप घातली आणि भाजताना फोन आला म्हणून तव्यावरून नजर हलली. एवढंच. दोन मिनिटं. जव भाजलं गेलं नाही, करपलं. तरी त्यानं घातलं, कारण दुसरं भाजायला वेळ नव्हता. उकळलेलं पाणी भांड्यात उतरलं तेव्हा ते बघून तो बादलीवरच बसला. दलदलीचं पाणी. बोट बुडवलं तर नख दिसत नव्हतं.

"काळी झाली, आई," तो आत येऊन म्हणाला. "पार काळी."

"तुझ्या बापाची कधी झाली नव्हती," ईदा म्हणाली, आणि रेडिओचा आवाज वाढवला.

दोन दिवस गेले. मग त्याला सुचलं, आणि सुचलं ते इतकं साधं होतं की तीन वर्षं आपण काय करत होतो याची त्याला लाज वाटली. गडदची उजळ करता येत नाही, पण उजळमध्ये गडद ओतता येते. त्यानं लगेच सोळावी खेप घातली, भाजलेल्या जवाचा एक दाणा न घालता. ती निघाली गवताच्या रंगाची, वाळलेल्या गवताच्या. आता एका पिंपात गवत आणि एका पिंपात दलदल. मधे कुठेतरी बाप उभा असणार.

शेवटच्या रविवारआधीच्या बुधवारी दुपारी त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर सहा ग्लास मांडले, मागे पांढरी ताटली टेकवली. गवती बिअर ओतली आणि काळी चमच्यानं मोजून घालायला लागला. एका ग्लासात दोन चमचे, एकात चार, एकात सहा. एक ग्लास ताडून बघायला नुसताच गवती ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. बार्ब्रा होती. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून तो म्हणाला, "करतोय. रविवारी बघू." आणि मागून आई खुर्चीतून म्हणाली, "काय करतोयस? आण इकडे, बघू."

त्यानं हाताला लागला तो ग्लास उचलून तिला दिला. ती उठली, खिडकीपाशी गेली. ग्लास उजेडासमोर धरला. एक डोळा मिटला. फेब्रुवारीतलं ऊन स्वच्छ पडलं होतं, आणि तिच्या हातात होता नुसता गवती. त्याच्यातून पलीकडचं कुंपण दिसत होतं. कुंपणावरची कावळ्यांची जोडी दिसत होती.

"काळी," ईदा म्हणाली. "दलदल आहे नुसती."

फोनमध्ये बार्ब्रा काहीतरी बोलत होती. "नंतर करतो," निक्लास म्हणाला.

त्यानं आईच्या हातून ग्लास घेतला आणि टेबलावर ठेवला. आई परत खुर्चीकडे गेली. खिडकीपासून खुर्ची सहा पावलं. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ती मोजली. ती सहाच टाकत होती, ना कमी ना जास्त, आणि सहाव्यानंतर न बघता बसत होती.

मग तीन दिवस तो नुसता बघत राहिला. आपल्याच घरात चोरासारखा. आई वर्तमानपत्र उघडून बसायची, पण त्यानं मथळे मोठ्यानं वाचून झाल्यावर. आई म्हणायची, "तो बघ टायगचा पुतण्या निघाला, निळी बोट," आणि बोट निळीच असायची, कारण सकाळी अकराला दुसरं कुणी निघतच नसे, इंजिनाचा आवाज तेवढा यायचा. चर्चला जाताना ती त्याचा दंड धरायची, "बर्फ आहे," म्हणायची. बर्फ मेमध्येही असायचा. सरकारी परिचारिका दर दोन महिन्यांनी येऊन विचारायची, "दिसतं ना नीट, ईदा?" आणि ईदा म्हणायची, "तुझ्या ओठांना लावलेला रंग तुला शोभत नाही, एवढं दिसतं." परिचारिका हसून कागदावर खूण करायची. ओठांना ती रंग लावते हे ईदाला कुणी सांगितलं होतं? निक्लासनंच. जेवताना, सहज.

म्हणजे इतके दिवस आपण या बाईचे डोळे होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

शनिवारी सकाळी त्यानं परिचारिकेचा नंबर काढला. एक वाक्य पुरे होतं. माझ्या आईला दिसत नाही. त्यावर पुढचं सगळं आपोआप झालं असतं; कागद, गाडी, डंगारवनची खोली. रंगाची गरजच नव्हती. त्यानं नंबर लावला, तिकडे घंटा वाजली, आणि आत आई रेडिओबरोबर काहीतरी गुणगुणत चुलीपासून टेबलापर्यंत चालत गेली, बटाट्यांची परात न सांडता. त्यानं फोन ठेवला. बाहेर गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. पाठ दुखत होती म्हणून भिंतीला टेकला, आणि टेकल्यावर त्याला कळलं की पाठीचं काही नाही; पाय हलत नाहीयेत. यॉल बावीस मैलांवर होतं. गाडीत पेट्रोल होतं. किल्ली खिशात होती.

मग आत जाऊन त्यानं ग्लास मांडले. दुसरं काय करणार? दुपारी, सातव्या चमच्यावर, रंग आला.

तो आला हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पांढऱ्या ताटलीसमोर ग्लासात जे उभं होतं ते लाल नव्हतं, तपकिरी नव्हतं, पितळी नव्हतं. बुडाशी गडद, आणि वर उजेड लागेल तिथे पेटलेलं. सत्तावीस वर्षांपूर्वीची दुपार त्या ग्लासात जशीच्या तशी होती. त्यानं तेवढ्याच हिशोबानं सहा बाटल्या भरल्या, बुचं लावली, आणि त्याला आनंद होईना.

रविवारी चर्चहून आल्यावर टायग नेहमीप्रमाणे मागच्या दारानं आला. टोपी खुंटीला न लावता डोक्यावरच ठेवून बसला.

"काय मग, तांबड्या? शेवटचा चान्स. पुढच्या रविवारी खडूचा रविवार."

उपासातल्या पहिल्या रविवारी बिनलग्नाच्या गड्यांच्या कोटावर खडूनं रेघा ओढायची जुनी रीत होती तिथली. आता कोणी ओढत नसे, पण टायग दरवर्षी आठवण करून द्यायचा.

"तुझ्या पाठीवर आता जागा नाही उरली," टायग म्हणाला. "तुला ओढायची तर मला शिडी आणि छताचा चुना लागेल."

"तू खडू धरणार?" ईदा म्हणाली, "आधी चहाचा कप तर हातात धरून दाखव. मागच्या वेळी माझा टेबलक्लॉथ प्यायला अर्धा."

"ईदा, मला त्या म्हाताऱ्यांच्या घरात भेटायला यायला लावू नकोस. तिथे चहासुद्धा पाण्याचा देतात."

"मग माझ्यासाठी प्रार्थना कर. काळी निघू दे म्हणून."

निक्लासनं बाटली उघडली. तीन ग्लास भरले. आईचा आधी, मग टायगचा, मग स्वतःचा. ईदा उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. टायगनंही, जागेवरून न उठता, आपला ग्लास उजेडाकडे वळवला.

टायग बोलायचा थांबला.

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"मॅट्यू," तो म्हणाला.

ईदा खिडकीसमोर ग्लास धरून उभी होती. तिचे डोळे ग्लासावर होते, पण निक्लासला आता बघता येत होतं; ती ग्लासाकडे बघत नव्हती, टायगच्या शांततेकडे कान लावून होती. टायगला गप्प बसवणारी गोष्ट या जगात फारशी नव्हती. तिला कळलं. तिनं दुसऱ्या हातानं खिडकीची कड घट्ट धरली. तिचा ओठ हलला. ती हो म्हणणार होती. तिनं शब्द दिला होता, साक्षीदार समोर बसला होता, आणि जी गोष्ट दिसत नाही तिला नाही म्हणायचं धाडस आज तिच्यात उरलं नव्हतं. ती हो म्हणाली असती आणि पिशवी भरली असती. जिथली एक भिंत तिला माहीत नाही अशा खोलीत जाऊन बसली असती, आणि कुणाला एका शब्दानं सांगितलं नसतं.

"नाही, टायग," निक्लास म्हणाला. "लालकडे गेलीय."

टायगनं मान वळवली. "काय?"

"लाल आहे. तांबडी नाही."

"आंधळा झालास का मेल्या? ही तांबडी आहे! मी तिच्या वासात आयुष्य काढलं. ईदा, तू सांग याला."

ईदानं ग्लास खाली आणला. तोंड मुलाच्या आवाजाकडे वळवलं.

"ज्यानं घातली त्याला कळतं," ती म्हणाली. "लाल म्हणतोय तर लाल असेल."

टायगनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्ही पावर लोक," तो म्हणाला, "कोठारातल्या उंदरांपेक्षा हेकट आहात." त्यानं ग्लास रिकामा केला, दुसरा मागून घेतला, तोही रिकामा केला. मग टोपी घातली. दारातून वळून म्हणाला, "या लाल बिअरच्या उरलेल्या बाटल्या ओतून देणार असशील तर माझ्या घशात ओत." आणि गेला.

त्याच्या काठीचा आवाज फाटकापर्यंत गेला, मग फाटकाचा आवाज. ईदा सहा पावलं चालली आणि खुर्चीत बसली. ग्लास अजून हातात होता.

"कधी कळलं?"

"बुधवारी. वाळक्या गवतासारखी बिअर दिली तुला, तू दलदल म्हणालीस."

"तूच म्हणाला होतास काळी झाली म्हणून." तिला हसू आलं, नाकातल्या नाकात. "फसवलंस."

"चुकून झालं."

"तुझं सगळं चुकून होतं, लेका."

"कधीपासून दिसत नाही?"

"साफ? गेल्या नोव्हेंबरपासून. त्याआधी तू एक मोठी सावली होतास, आणि टायग एक छोटी. वॉटरफर्डच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, डोळ्याची नस वाळतेय, उपाय नाही. मी म्हटलं चष्मा बदलला. तू चष्मा छान आहे म्हणालास." तिनं घोट घेतला. तोंडात घोळवला. "चव त्याचीच आहे."

"हो."

"आणि रंग?"

निक्लासनं आपला ग्लास उचलला. "नोव्हेंबरात डोंगरावर नेचा वाळतो ना," तो म्हणाला. "पाऊस पडून गेल्यावर, संध्याकाळी ऊन तिरकं येतं. तसा. ओला नेचा."

ती ऐकत होती. मान हळूहळू हलली. "तांबडा," ती म्हणाली.

मग तिनं ग्लास मांडीवर ठेवला, दोन्ही हातांत धरला, आणि ज्या आवाजात लोक पाद्र्यासमोर बोलतात त्या आवाजात म्हणाली, "सहावी पण अशीच होती."

"काय?"

"सहावी खेप. तेव्हा मला दिसत होतं. मधे जरा धूर असायचा, पण कडेनं दिसायचं. मी ग्लास धरला आणि तुझा बाप खिडकीत उभा राहिला. मी नुसतं हं म्हटलं आणि ग्लास ठेवला. टायग तेव्हा कमरेच्या ऑपरेशनला गेला होता, नाहीतर माझं काही चाललं नसतं."

निक्लास बसला होता ती खुर्ची करकरली. सहावी खेप त्यानं टायगच्या पुतण्याच्या डुकरांना घातली होती. तेवीस लिटर. डुकरं दोन दिवस झोपली होती आणि गाव हसलं होतं, तोही हसला होता. त्यानंतर दहा खेपा. दोन वर्षं.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं की जमली."

"वाटलं होतं ना? मग भांडायचं होतंस."

ते खरं होतं.

"डॉक्टरकडून त्याच आठवड्यात आले होते," ती म्हणाली. "मला माहीत होतं पुढे काय येणार. हे घर मला पाठ आहे, निक्लास. तिथलं काही पाठ नाही. आता नवीन काही पाठ होत नाही." मग थोड्या वेळानं, "परिचारिकेला सांग. तुझा हक्क आहे. मी तुझ्यावर रागावणार नाही. रागावेन, पण तू ऐकायला इथे नसशील."

तो उठला आणि फोन घेऊन अंगणात गेला. वारा समुद्राकडून होता. बार्ब्रानं पहिल्याच घंटेला उचलला.

"जमला रंग?"

"जमला."

तिकडे तिनं श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. "मग? कधी निघतोयस?"

"जमला होता, बार्ब्रा. दोन वर्षांपूर्वीच. मला आज कळलं."

"होता म्हणजे काय रे?"

त्यानं सांगितलं. गवती ग्लास, वाळलेली नस, टायगची टोपी, आपण काय म्हणालो ते. आयुष्यात एका दमात एवढं तो कधी बोलला नव्हता.

"म्हणजे ती तुला दोन वर्षं खोटं बोलली," बार्ब्रा म्हणाली, "आणि तू तिच्यासाठी खोटं बोललास."

"हो."

"आणि तू तिथेच राहणार."

"तिला घर पाठ आहे."

"हो, ऐकलं मी." ती म्हणाली. "तीन वर्षांत तुला एकदाही सुचलं नाही की मला विचारावं, बार्ब्रा, तू इकडे येतेस का? मी आले असते, निक्लास. मला यॉलचं काय प्रेम आहे? मी तुझ्या आईला रोज शिव्या दिल्या असत्या आणि तिनं मला, आणि आम्ही सुखानं राहिलो असतो."

त्यानं तोंड उघडलं.

"आता विचारू नकोस," ती म्हणाली. "आता विचारलंस तर ती कीव वाटेल. मला नाही चालायची. बुधवारी सकाळी कपाळाला राख लावून घेते आणि तिथूनच विमानतळ गाठते. पुतणी सोडतेय."

"बरं," निक्लास म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि जरा हसली, ते खणखणीत नव्हतं. "त्या बाटल्यांतली एक ठेव कुणासाठी तरी. एवढं केलंस."

फोन बंद झाला. तो कुंपणाला धरून उभा राहिला. भरती लागली होती, खाडीतले लोखंडी घोडे एकेक करून पाण्याखाली जात होते, आणि हे बघत किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. पाणी पार वर आलं तेव्हा तो आत गेला.

ईदा टेबलाशी उभी होती. केटली उकळून गार व्हायला आली होती. दोन कप समोर होते.

"काय म्हणाली?"

"जाते म्हणाली. बुधवारी."

सॉरी म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. मग तिनं केटलीचा कान त्याच्याकडे फिरवला.

"तू ओत आज," ती म्हणाली. "मला कप दिसत नाही."

त्यानं ओतला.